फोन, घर आणि चोर: रविवारच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकतीस वर्षं बँकेत काउंटरवर होते. निवृत्त झाल्यापासून कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात दर रविवारी सकाळी एक टेबल टाकून बसते आणि माणसं आपापले फोन घेऊन येतात. खालचे प्रश्न त्यांचेच. क्रम मात्र माझा आहे. ज्याला घाई आहे, त्याचा प्रश्न आधी.

खात्यातून आत्ता पैसे गेले. आधी कोणाला सांगू?

१९३० ला फोन लावा. हे वाचायचं नंतर.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी देशभर हा एकच नंबर आहे. चोरलेले पैसे एका खात्यात मुक्काम करत नाहीत. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार ठिकाणी, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख. तक्रार नोंदली गेली की त्या साखळीतल्या बँकांना कळवलं जातं आणि वाटेत सापडेल तेवढी रक्कम गोठवली जाते. त्यामुळे दहा मिनिटांत केलेला फोन आणि दहा तासांनी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमची बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक एवढं हाताशी ठेवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो आणि अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा.

लगेच दुसरा फोन बँकेला. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं बंद करायला सांगा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तिथूनच घ्या. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका. तिथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेत, आणि एकदा लुटलेला माणूस त्याच संध्याकाळी पुन्हा लुटला गेलेला मी पाहिलाय.

मग पोलीस. पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे आणि ग्रामीण पोलीस आणखी वेगळे. पण आपली हद्द कोणती या वादात तुम्ही पडू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असली तरी कुठल्याही ठाण्यात गुन्ह्याची खबर देता येते.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच सरकारी पत्रकात नसते. आमच्या इमारतीतल्या एका काकूंचे पैसे दुपारी दोनला गेले. त्यांनी मुलाला सांगितलं रात्री नऊला, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. मुलगा ओरडेल ही भीती. ते सात तास चोराला त्या मुलाच्या स्वभावाने मिळवून दिले. तो मुलगा भला आहे, आईवर जीव आहे त्याचा, पण ‘तुला हजारदा सांगितलं होतं’ हे वाक्य त्या घरात फार वेळा ऐकू येतं.

पैसे परत मिळतात का?

कधी सगळे, कधी थोडे, कधी काहीच नाही. गोठवलेली रक्कम परत मिळायला कागदपत्रं आणि चिकाटी लागते.

बँकेची जबाबदारी किती, याबद्दल रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. आमच्या शाखेत ते नोटिस बोर्डावर होतं आणि कोणी वाचत नसे. त्याचा सारांश असा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर शून्य भार. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत. मात्र पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं आणि त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे उशीर झाला तरी कळवायचंच. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचं काम बँकेचं आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे. काउंटरवरचा माणूस हात झटकायला लागला तर शांतपणे त्याला याची आठवण द्या आणि तक्रारीची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही.

‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा व्हिडिओ कॉल आला. खरं असेल तर?

खरं नसतंच. डिजिटल अटक असा प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर चौकशी करत नाही आणि ‘खात्री करून परत देतो’ म्हणून पैसे मागवून घेत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याबद्दल सांगितलं होतं. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कारण अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुटलं होतं.

हे सगळं माहीत असूनही माणसं फसतात, आणि ती बावळट नसतात. मी ज्यांच्याशी बोलले त्यांत एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी सांगितलं ते असं. पहिला फोन कुरिअरचा, अगदी सौजन्याने. मग कॉल ‘पोलिसांकडे’ वर्ग. पडद्यावर गणवेश, मागे अशोकस्तंभ, हातात तुमच्या आधारचा खराखुरा नंबर. हा नंबर आपण गेल्या दहा वर्षांत हॉटेलांत, सिमकार्डाच्या दुकानात, भाडेकरारात इतक्या ठिकाणी झेरॉक्स करून वाटलाय की तो माहीत असण्यात काहीच विशेष नाही. मग हुकूम येतो: कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू. प्राध्यापकांच्या पत्नी शेजारच्या खोलीत पालक निवडत बसल्या होत्या. मधे एक दार होतं फक्त.

तो ‘कोणाला सांगू नका’ हाच ओळखीचा धागा. खरा पोलीस समोर येतो, ओळखपत्र दाखवतो आणि घरच्यांना कळवतो. त्यामुळे कॉल कापा, दार उघडा आणि घरात असेल त्याला मोठ्याने सांगा. घरात कोणी नसेल तर वॉचमनला सांगा. चार वाक्यं दुसऱ्या माणसाला ऐकवली की त्यातला मूर्खपणा आपल्यालाच ऐकू येतो.

असा फोन आला पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ विभागात तो नंबर कळवून ठेवा.

‘आज रात्री ९.३० ला वीज कापू’, ‘गॅसचं बिल थकलंय’ असे मेसेज येतात. त्यांचं काय करायचं?

पुसून टाका. महावितरण असे मेसेज कोणाच्या खासगी मोबाइल नंबरावरून पाठवत नाही, आणि घरगुती गॅसची पाइपलाइन असलेल्यांना एमएनजीएलच्या नावाने जे फोन येतात, त्यांतही तीच घाई असते. बिल भरलंय का हे बघायचं असेल तर आपल्या हाताने अ‍ॅप उघडून बघायचं. मेसेजमधल्या नंबराला फोन करायचा नाही.

यातलं खरं विष असतं जोडलेल्या फाइलमध्ये. नाव काहीही असतं: बिल, आरटीओ चलन, पीएम किसान, लग्नाची पत्रिका. लग्नसराईत पत्रिकेचा प्रकार फार चालतो, कारण पत्रिका कोणाची हे बघायची उत्सुकता आवरत नाही. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं दिसली तर ती पत्रिका नाही आणि बिलही नाही. ते अ‍ॅप आहे, प्ले स्टोअरच्या मागच्या दाराने येणारं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफच असते. आणि ओळखीच्या माणसाकडून आलीय म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो.

पण मी ओटीपी कोणालाच दिला नव्हता, तरी पैसे गेले. कसे?

बहुतेक वेळा असे. वरचं अ‍ॅप फोनमध्ये शिरताना दोन परवानग्या मागतं. पहिली मेसेज वाचण्याची. ती दिलीत की ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. दुसरी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची. ही सोय मुळात दृष्टिहीन माणसांसाठी आहे. तिच्यामुळे अ‍ॅपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. आंधळ्याची काठी चोराच्या हातात, असं मी टेबलावर सांगते. ‘परवानगी द्या’ वर आपण न वाचता बोट ठेवतो, कारण रोज दहा अ‍ॅप तेच मागतात.

दुसरी वाट स्क्रीन शेअरिंगची. ‘मदत करतो, एनीडेस्क घ्या’ असं कोणी म्हणालं तर समजा, तो तुमच्या खांद्यावरून पिन बघणार आहे. ही अ‍ॅप स्वतः वाईट नाहीत, माझी सून तिच्या ऑफिसच्या कामाला वापरते.

असं अ‍ॅप घेतलं गेलं असेल तर आधी फोनचं नेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँक. पडद्याचे आणि मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, पुरावा लागतो. मगच ते अ‍ॅप काढा. चिन्ह लपलेलं असेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या यादीत शोधा. तिथेही सापडेना तर फोटो वाचवून फोन पूर्ण कोरा करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

अँड्रॉइडवर आजच करण्यासारखं काम: सेटिंग्जमध्ये ‘अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स या तिघांची परवानगी बंद आहे ना ते पाहा.

क्यूआर स्कॅन केला की पैसे जमा होतात असं एकजण म्हणाला.

नाही होत. स्कॅन पैसे देण्यासाठी, पिनही पैसे देण्यासाठीच. घेण्यासाठी काहीच करावं लागत नाही. जुना सोफा विकताना हे हटकून ऐकायला मिळेल, त्यातही ‘मी आर्मीत आहे, आत्ता पाठवतो’ म्हणणारा.

बँकेचा फोन खरा की खोटा, कसं ओळखायचं?

आवाजावरून नाही, इंग्रजीवरून तर मुळीच नाही. बँका आणि विमा कंपन्यांना, ग्राहकांच्या सेवेसाठी करायच्या फोनकरता १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. जाहिरातींचे फोन १४० वरून. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘हेड ऑफिसमधून बोलतोय’ म्हणणारा माणूस तिथेच संशयित. एसएमएस आला तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं अक्षर पाहा. रोमन लिपीतलं ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ वर गेली आहेत, तेही बघायची सवय लावा.

सगळ्यात सोपा उपाय तरी जुनाच. ‘ठीक आहे, मी शाखेत येते’ म्हणा. खरा माणूस ‘या’ म्हणतो. खोटा चिडतो.

आईला यूपीआय शिकवायचंय, पण भीती वाटते. काय करावं?

शिकवा. ‘तुला काय करायचंय ते’ म्हणून दूर ठेवलेली आई एक दिवस भाजीवाल्याकडे अडकते आणि मग कोणा अनोळखी मुलाच्या हातात फोन देते. ते जास्त धोक्याचं.

मात्र सगळी पुंजी असलेलं खातं जोडू नका. एक छोटं खातं उघडा, त्यात महिन्याचे चार-पाच हजार. गेलेच तर तेवढेच जातील. पेन्शनचं आणि एफडीचं खातं यूपीआयपासून लांब. याच्यासाठी दोन चांगल्या सोयी आहेत. यूपीआय लाइटमध्ये ५,००० पर्यंत रक्कम बाजूला काढता येते आणि एका वेळी १,००० पर्यंतचा खर्च पिनशिवाय होतो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पिन टाकत बसायला नको. दुसरी यूपीआय सर्कल. खातं तुमचं, फोन आईचा. तिने पैसे द्यायला घेतले की मंजुरी तुम्ही द्यायची, किंवा महिन्याला १५,००० पर्यंत मर्यादा घालून तिला मोकळीक द्यायची. कॉलेजातल्या पोरांनाही हे बरं पडतं.

आमच्याकडे सासूबाईंना मी शिकवलं ते दहा-दहा रुपये मला पाठवायला लावून. आठवडाभर रोज. त्यांनी चुकून एकदा शंभर पाठवले आणि ते आजतागायत मागतात.

कोणती अ‍ॅप खरंच कामाची आहेत?

पुण्यात राहणाऱ्याने बसने जायचं असेल तर ‘आपली पीएमपीएमएल’. बस कुठे आली ते दिसतं आणि तिकीटही निघतं. स्टॉपवर उभं राहून ‘गेली का हो एकशे अमुक?’ विचारण्याची मजा गेली, पण गुडघे वाचतात. मेट्रोचं तिकीट तिच्या अ‍ॅपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतं, त्यामुळे वनाझला रांग लावायची गरज नाही. लोणावळा लोकल आणि बाकी रेल्वेसाठी १ जुलै २०२५ ला आलेलं रेलवन. खड्डे, कचरा, बंद दिवे यांच्या तक्रारींना महापालिकेचं पीएमसी केअर, नदीपलीकडच्यांना पिंपरी-चिंचवडचं स्मार्ट सारथी. तक्रार सुटते की नाही हा वेगळा विषय, पण तक्रारीचा नंबर मिळतो आणि पुणेकराला नंबर मिळाला की पाठपुराव्याचं पुढचं तो बघून घेतो.

डिजिलॉकर प्रत्येकाकडे असावं. गाडीचं लायसन्स आणि आरसी त्यात असेल तर ती मूळ कागदासारखीच धरली जाते. हवालदाराने हुज्जत घातलीच तर अ‍ॅपमधूनच दाखवा. गॅलरीतला फोटो चालत नाही.

आणि दोन अ‍ॅप आपल्या पाषाणची. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ केलंय. आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते इशारा देतं. सिंहगड चढणाऱ्यांनी आणि गावाकडे शेती असलेल्यांनी ते घ्यावंच. पोलिसांचं महिलांसाठीचं दामिनी पथक वेगळं, टेबलावर दर महिन्याला कोणीतरी गल्लत करतं. त्याच संस्थेचं ‘सफर’ हवेची प्रत सांगतं, दम्याच्या माणसाला सकाळी फिरायला जावं की नाही हे ठरवायला बरं.

पुरासाठी ‘सचेत’ हे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अ‍ॅप. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर खडकवासल्याच्या विसर्गाचे इतके आकडे फिरत होते की खरा कोणता कळेना. त्या रात्रीपासून मी पावसाळ्यात फोन आणि पॉवरबँक भरूनच झोपते.

या सगळ्यांची नावं प्ले स्टोअरमध्ये टाकली की सारख्या दिसणाऱ्या दहा वस्तू समोर येतात. खाली बनवणाऱ्याचं नाव वाचा, मगच घ्या.

मुलाला फोन कोणत्या वयात द्यावा?

याचं एक उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माझं मत विचाराल तर दहावीपर्यंत स्वतःचा नको, घरातला वापरावा, आणि तोही हॉलमध्ये. पण क्लासला एकटं जाणाऱ्या मुलीच्या आईला हे सांगणं सोपं नाही, हेही कळतं.

दिलात तर पहिल्या दिवशीच फॅमिली लिंक बसवा. गुगलचं आहे, फुकट आहे. नवं अ‍ॅप घ्यायला तुमची परवानगी लागते, वेळेची मर्यादा घालता येते, रात्री फोन आपोआप बंद होतो. आयफोनमध्ये हेच काम ‘स्क्रीन टाइम’ करतं. दोन महिन्यांनी बसवायला जाल तर घरात महाभारत होईल. मुलाला सांगून बसवा, चोरून नको. लपून बसवलेलं त्याला आठवड्यात सापडतं आणि मग तो लपून दुसरं काहीतरी करतो.

लहानग्याला जेवताना व्हिडिओ लावून देता ना? निदान ‘अ‍ॅप पिन’ करा, म्हणजे त्याला त्या अ‍ॅपमधून बाहेर पडता येत नाही. आमच्या नातवाने एकदा सोसायटीच्या ग्रुपवर सतरा वांगी पाठवली होती, चित्रातली. अध्यक्षांनी उत्तरादाखल सूचनाफलकाचा फोटो टाकला.

मुलीच्या फोटोवरून कोणीतरी धमकावतंय. ती रडतेय.

आधी तिच्याजवळ बसा. फोन हिसकावू नका, ‘तू पाठवलासच का’ विचारू नका. तो प्रश्न वर्षभराने विचारला तरी चालेल.

पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, खात्याचं नाव आणि दुवा लिहून ठेवायचा. मग ब्लॉक. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. वय अठराच्या आत असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा डिजिटल ठसा तेवढा जातो आणि त्यावरून यात सामील असलेल्या कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात. मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आहे. पोरगी फारच खचली असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आधाराची मदतवाहिनी, १४४१६. मराठीत बोलतात.

सासऱ्यांचं लोकेशन आमच्या फोनवर दिसावं असं वाटतं. योग्य आहे का?

त्यांना विचारलंत का? गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअर करायची सोय आहे, पण ती त्यांनी सुरू करायची. विसरभोळेपणाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. धडधाकट माणूस संध्याकाळी कमला नेहरू पार्कात दोन तास बसतो की कट्ट्यावर भजी खातो, हे सुनेला कळायलाच हवं असं नाही.

त्यापेक्षा त्यांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधं आणि तुमचा नंबर टाकून द्या. सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी’ किंवा ‘सेफ्टी’ शोधलं की मिळतं. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांना ११२ चालतो. रुग्णवाहिकेला थेट १०८. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीला १४५६७.

गर्दीत फोन मारला. पुढे?

विसर्जनाच्या मिरवणुकीनंतरच्या रविवारी हाच एक प्रश्न असतो. दुसऱ्याच्या फोनवरून गुगलचं ‘फाइंड हब’ किंवा अ‍ॅपलचं ‘फाइंड माय’ उघडून फोन लॉक करा, परत मिळायची आशा नसेल तर पुसा. सिम बंद करा, बँकेला सांगून यूपीआय बंद करा. पोलिसांत हरवल्याची तक्रार करून तिची प्रत घ्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या, आणि मग संचार साथीवर फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. मग तो फोन देशात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आयएमईआय खोक्यावर असतो. खोकं रद्दीत गेलं असेल तर फोन हातात असतानाच, म्हणजे आत्ता, स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा आणि दिसणारा आकडा डायरीत लिहा.

त्याच संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. आमच्या एका सभासदाच्या नावावर त्यांना माहीत नसलेली दोन निघाली.

व्हॉट्सअ‍ॅप कोणीतरी उघडलंय आणि सगळ्यांना पैसे मागतंय!

तुमच्या नंबराने पुन्हा लॉगिन करा, तो आपोआप बाहेर फेकला जातो. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर काढून टाका. त्याने त्याचा सहा आकडी पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. म्हणून तो पिन आपणच आधी लावायचा: सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. कॉल दुसरीकडे वळवले असल्याचा संशय असेल तर हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश दाबून डायल करा, सगळे वळवलेले कॉल रद्द होतात.

स्टेशनवर चार्जिंग, कॅफेतलं वायफाय?

आपला चार्जर वापरा. फुकट वायफायवर बँक उघडू नका. बास, याहून जास्त काळजी करण्यासारख्या गोष्टी वर सांगून झाल्यात.

यापेक्षा बटणाचा फोन आणि पासबुक बरं नाही का?

वाटतं खरं. पण ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी पुण्यातल्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून ९४ कोटी रुपये लांबवले, तेव्हा ग्राहकांनी काहीच दाबलं नव्हतं. ते पैसे बँकेचे गेले, खातेदारांचे नाही. तिथे शिरायला मोठी टोळी आणि मोठं डोकं लागतं. आपल्या स्वयंपाकघरात शिरायला एक फोन पुरतो. आणि डिजिटल अटकेतल्यांना घाबरवून बँकेतही पाठवतात, स्लिप भरून पैसे वळते करायला. काउंटरवर असताना माझ्यासमोर असं कोणी आलं असेल का, हा विचार मला अजून अधूनमधून येतो. मी स्लिप तपासायचे, सही जुळवायचे. चेहरा बघायचे का?

आता टेबलावर आधी चेहरा बघते.

टेबल किती वाजता? काय आणायचं?

रविवारी दहा ते साडेबारा. नंतर मी उठते, कोणी वाकडं तोंड केलं तरी. चष्मा आणा, चार्जर आणा, फोन ज्याने सुरू करून दिला तो नातू मिळाला तर तोही आणा. पिन मात्र सांगू नका. मी मागत नाही तरी लोक मोठ्याने म्हणून दाखवतात. गेल्या रविवारी एका आजोबांनी सांगितला, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘अहो, हे तर आपल्या लग्नाचं साल!’ त्यांनी तिथल्या तिथे बदलला. आजींनी तोही ओळखला.